तुम्ही विचारलंत म्हणून : चेहरा झाकला तर भाव येणार कुठून?

मी भरतनाट्यम शिकले आणि आता शिकवते. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन अभिव्यक्तिनृत्याविषयी मी आवर्जून बोलत असते, आणि दरवेळी कोणीतरी विचारतेच : ज्या नृत्यात गायचे पद नाही, हस्तमुद्रा नाहीत, कधीकधी चेहराही मुखवट्याआड असतो, त्यात भाव पोहोचतो तरी कसा? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे अभिनयाच्या शिक्षणात डोळ्यांना पहिला मान असतो, आणि मलाही कित्येक वर्षे हाच प्रश्न पडत होता.

उत्तरादाखल मी या परंपरेतली जर्मन नर्तकी मेरी विगमन हिचे ‘हेक्सनटान्त्स’, म्हणजे चेटकिणीचे नृत्य, दाखवते. 1914 साली तिने ते प्रथम रचले आणि 1926 साली नव्याने बांधले. या दुसऱ्या रूपाच्या चित्रफितीचा अगदी छोटा तुकडा आज पाहायला मिळतो. विगमन जमिनीवर बसलेली आहे. व्हिक्टर मागितोने घडवलेल्या मुखवट्यावरचा भाव अर्थातच पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे, आणि साथीला तालवाद्यांचे आघात व त्यांच्यामधली शांतता एवढेच आहे. बोटे पंजासारखी ताणली जातात, हात गुडघ्यांवर येतात, मग ती पाय आपटत बसल्या जागीच गोल फिरू लागते. हे पाहताना मला दरवेळी तो मुखवटाच बदलल्यासारखा वाटतो. हालचाल सुटण्याआधी तिच्या पाठीत आणि खांद्यांत जो ताण साठत जातो, तो सुटेपर्यंत पाहणाऱ्याचाही श्वास अडतो. भीती आपल्या अंगात शिरते ती या वाटेने.

विगमनने ज्याच्याकडे धडे घेतले त्या रुडॉल्फ लाबानने पुढे इंग्लंडमध्ये या अनुभवाला नेमकी परिभाषा दिली. कोणतीही हालचाल वजन, वेळ, अवकाश आणि ओघ या चार अंगांनी पाहावी, असे त्याचे म्हणणे. हात पुढे करण्याची साधी क्रिया घ्या. तोच हात हलका आणि सावकाश गेला तर माया होते, जड आणि एकाएकी गेला तर मार होतो, आणि ओघ मध्येच आवळून धरला तर मनातला संकोच दिसतो. हाताचा मार्ग तिन्ही वेळा तोच असतो.

जर्मन नृत्यरचनाकार कुर्ट योसने हेच तत्त्व ‘हिरवे मेज’ या युद्धविरोधी नृत्यनाट्यात वापरले. 3 जुलै 1932 रोजी पॅरिसच्या स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. त्यातला मृत्यू प्रत्येकाला त्याच्या स्वभावाच्या गतीने भेटतो : कोणाला हिसकावून नेतो, तर कोणाला जवळजवळ आधार देत नेतो.

एक गोष्ट मात्र मी कधीच वगळत नाही. शब्दांवाचून उभी राहिलेली भावना कोणाच्याही कामी लावता येते. नाझी सत्तेवर आल्यावर ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकायला नकार देऊन योसने 1933 साली जर्मनी सोडली. विगमन मात्र राहिली आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सोहळ्यात तिचे नृत्य सादर झाले. तिच्या कलेपुढे मी नतमस्तक होते, पण हे तिच्या हिशेबातून पुसता येत नाही, आणि पुसू नये. व्हिएन्नाची ज्यू नर्तकी हिल्डे होल्गर हिला तर जीव वाचवण्यासाठी 1939 साली मुंबई गाठावी लागली. याच परंपरेतले नृत्य तिने 1948 पर्यंत आपल्या मुंबईत शिकवले, याची आठवण आज फार थोड्यांना आहे.

हे सारे वाचल्यानंतर मी एकदा, दार लावून, विरहिणी नायिकेचे एक जुने पद प्रेक्षकांकडे पाठ करून नाचून पाहिले आणि त्याचे चित्रण केले. पाहताना लाज वाटली, कारण माझी पाठ कोणाचीच वाट पाहत नव्हती. इतक्या वर्षांचा विरह सगळा भुवयांत राहिला होता. मग मी नाट्यशास्त्रातले सात्त्विक भाव, म्हणजे भावना दाटली की अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, पुन्हा काढून वाचले. स्तंभ म्हणजे अंग ताठरणे, वेपथु म्हणजे कंप. यांना चेहरा लागतोच असे नाही.

आता माझ्या वर्गात दर शनिवारी शेवटची वीस मिनिटे मुली भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. दार वाजल्याची कल्पना करायची, वळायचे नाही. गेल्या महिन्यात एका मुलीचे डावे खांद्याचे पाते किंचित वर आले आणि तिथेच थांबले, आणि मागे बसलेल्या सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या.