टकटक इंजिनाची नव्हती

टकटक वाजणारी मोटरसायकल घेऊन आलेला मुलगा घरोघर पार्सलं पोचवतो. गाडी उभी राहिली की त्याची कमाईही थांबते. "दादा, इंजिनातली टायमिंग चेन गेलीय, इंजिन खोलावं लागेल असं सांगितलंय," म्हणाला. मागची चेन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारी, दोनदा टाइट करून झाली होती. दर वेळी थोडे दिवस बरं वाटायचं, मग टकटक पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत यायची.

इंजिनाला पाना लावण्याआधी मी गाडी चालवून बघतोच. आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर उतरतो, तेवढंच ऐकायचं. उभ्या गाडीत न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर पिळला, इंजिन स्वच्छ. टायमिंग चेन सैल असती तर इथेच खडखडली असती, कारण ती इंजिनाबरोबर फिरते, चाक थांबलेलं असलं तरी. मग मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन क्लच दाबला आणि गाडी नुसती घरंगळू दिली. इंजिन आयडलवर आलं तरी टकटक चालूच, आणि गाडी हळू झाली तशी तीही हळू झाली. म्हणजे दोष बहुधा चाकात, ब्रेकमध्ये किंवा मागच्या चेनमध्ये. परत आल्याआल्या त्याला सांगितलं, इंजिन खोलायचं नाही.

गाडी मिडल स्टँडवर घेतली, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनजवळ हात नेणारे मी पाहिलेत. चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती, यांच्यात बोट सापडलं तर तुटतं, म्हणून ते मी कुणालाही करू देत नाही. टायरवर एक आणि चेनवर एक खडूची खूण केली आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. टायरच्या खुणेशी आवाज जुळेना. चेनवरची खूण त्याच जागी आली की मात्र टक्. या गाडीच्या मागच्या स्प्रॉकेटला ४२ दात आणि चेनला ११२ कड्या, म्हणजे चेनचा एक फेरा व्हायला चाकाला अडीचहून जास्त फेरे लागतात. बेअरिंग किंवा ब्रेक असता तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाजला असता.

तिथे दोन-तीन कड्या पिनजवळ गंजून आखडल्या होत्या. स्प्रॉकेटवरून सुटल्या तरी सरळ होत नव्हत्या.

मग ताण बघितला. खालच्या बाजूला, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन एका जागी ४० मिलिमीटर वरखाली होत होती. चाक थोडं फिरवलं तर जेमतेम १०. अशा बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेलं असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. आधीच्या माणसाने सैल जागा बघून चेन ओढली होती, चाक फिरवून ताठ जागा शोधलीच नव्हती. ताण मोजायचा तो ताठ जागी. माणूस बसला, गाडी खड्ड्यात आदळली, की स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर उचलला जातो आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि एक्सल (चाकाचा आस) एका रेषेत येईपर्यंत चेन आणखी ताठ होत जाते. त्या १० मिलिमीटरमध्ये आणखी ताठ व्हायला जागाच उरत नाही. मग सगळी ओढ गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर. सैल चेन निसटू शकते, हे खरंच. पण जास्त टाइट केलेली चेन आतलं महागडं काम काढते.

पुढचं स्प्रॉकेट धरून हलवलं. शाफ्ट ढिला हलत नव्हता, सीलमधून ऑइलही येत नव्हतं. मला हायसं वाटलं. चेन मात्र ॲडजस्ट होण्यापलीकडे गेली होती: ताठ जागी बरोबर केली तर दुसरीकडे लोंबणार. मागच्या स्प्रॉकेटवरून ती मागे ओढली तर अर्ध्याहून जास्त दात उघडा पडत होता, आणि दात आकड्यासारखे वाकले होते. पूर्ण चेनसेट, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, बदलला.

दोन्हीकडचे ॲडजस्टर सारखे फिरवले, स्विंगआर्मवरच्या खुणा जुळवल्या. एक्सल नट आवळला की ताण थोडा बदलतो, म्हणून चाक फिरवत पुन्हा मोजला. सगळीकडे २५. चाक सरकलं होतं, म्हणून ब्रेकही जुळवून घेतला. जाताना त्याला सांगितलं, पाचशे किलोमीटर झाले की ये. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल पडते, ती तेव्हा बघू.