तुम्ही विचारलंत म्हणून: लिलावातला जुना ॲस्ट्रो कॅमेरा घ्यावा का?

हा प्रश्न मला शहराच्या उजेडापासून दूर, वांगणीच्या रात्रभराच्या आकाशदर्शनात कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याने हौसेने दुर्बीण घेतलेली असते, मोबाइल आयपीसला टेकवून चंद्राचे फोटो काढून झालेले असतात आणि आता तेवढ्याने भागत नसतं. दुर्बिणीला लावायच्या नव्या कूल्ड कॅमेऱ्याची, म्हणजे सेन्सर थंड ठेवणाऱ्या कॅमेऱ्याची, किंमत पाहून तो ईबे या लिलावाच्या साइटवर पोहोचलेला असतो. माझं उत्तर असतं: घ्या, पण आधी विक्रेत्याकडे एक काळा फोटो मागा.

काळा फोटो म्हणजे डार्क फ्रेम. कॅमेऱ्यावर टोपी, सेन्सर उणे १० अंशांवर, ३०० सेकंदांचं एक्स्पोजर. बाहेरचा प्रकाश आत येतच नाही, त्यामुळे जे उजळ दिसेल ते सगळं कॅमेऱ्याचं स्वतःचं: हॉट पिक्सेल म्हणजे कायम पेटलेले ठिपके, बिघडलेल्या उभ्या ओळी, कडेला साचलेला ॲम्प ग्लो म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या सर्किटची झळाळी. लिस्टिंगमधल्या मृगातल्या तेजोमेघाच्या देखण्या फोटोवर जाऊ नका, तो प्रोसेसिंगनंतरचा असतो. रीसेलचा फ्लॅट पाहायला जाणकार माणूस जुलैत जातो, दिवाळीच्या रंगकामानंतर नाही. डार्क फ्रेम म्हणजे कॅमेऱ्याचा जुलै.

फाइल फिट्स (खगोल कॅमेऱ्यांचा कच्चा फाइल प्रकार) हवी, जेपेग नको. फिट्सच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, बहुतेक सॉफ्टवेअर एक्स्पोजर, ठरवलेलं तापमान आणि प्रत्यक्ष मिळालेलं तापमान आपणहून लिहून ठेवतात. ठरवलेलं उणे १० आणि मिळालेलं उणे ४ असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. ग्लो दिसला म्हणून मात्र लगेच दचकू नका. झेडडब्ल्यूओ कंपनीच्या एएसआय२९४ मध्ये तो असतोच, तो त्या सेन्सरचा स्वभाव; फोटोतून डार्क फ्रेम वजा केली की जातो. एएसआय५३३ मध्ये तो नसतो, तिथे दिसला तर संशय घ्यायचा. ज्या मॉडेलवर डोळा आहे त्याची निरोगी डार्क कशी दिसते, हे आधी पाहून ठेवलेलं बरं.

मुंबईकराला आणखी एक हिशेब करावा लागतो, आणि तो लिस्टिंगमध्ये नसतो. कॅमेऱ्यातला कूलर वाटेल ते तापमान गाठू शकत नाही, तो भोवतालच्या हवेपेक्षा फार तर काही अंश खाली जाऊ शकतो. ५३३ एमसी प्रोसाठी कंपनी ३५ अंशांचा फरक सांगते. विक्रेता कॅनडातला असेल आणि त्याने जानेवारीत गॅरेजमध्ये उणे २० काढून दाखवलं असेल, तर कूलरची परीक्षा झालेलीच नाही. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही २८-२९ अंश. तिथून ३५ उतरून उणे ६-७, तेही कूलर पूर्ण ताकदीने चालवून. म्हणून विचारायचं ते असं: खोलीचं तापमान किती होतं, आणि कूलर किती टक्क्यांवर चालला होता? साधारण ६ अंशांनी तापमान वाढलं की सेन्सरचा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही त्यात साचणारा खोटा सिग्नल, दुप्पट होतो. थकलेला कूलर टोरंटोत चालून जातो, ठाण्यात नाही.

शिवाय दमटपणा. सेन्सर सीलबंद कप्प्यात असतो, सोबत सिलिका जेल. सील ढिलं झालं की थंड सेन्सरवर आधी दव आणि मग हिम धरतं. हे पहिल्या फोटोत कळत नाही. दोन फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजेडाकडे रोखून काढलेले फोटो, मागा: एक कूलिंग सुरू करताच, दुसरी तासाभराने. मधे धुरकट डाग पसरलेला असेल तर नुसतं जेल बदलून भागेल की ओ-रिंगही (सीलची रबरी कडी) गेली आहे, हे उघडल्याशिवाय समजत नाही. आणि मुंबईच्या हवेत ते उघडणं हा वेगळाच उद्योग आहे.

एवढं सगळं ऐकवल्यावर मी विचारतो, फोटो कशाचे काढायचेत? कारण पुष्कळांना कूल्ड कॅमेरा लागतच नाही. चंद्र, गुरू, शनी यांना शहराच्या उजेडाचं काही वाटत नाही. एक्स्पोजर काही मिलिसेकंदांचं, त्यात थंडाव्याने काडीचा फरक पडत नाही. हजारो फ्रेमचा व्हिडिओ घ्यायचा, हवा क्षणभर स्थिरावली तेव्हाच्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचायच्या. एएसआय१२० किंवा एएसआय२२४ सारखे साधे, बिनकूलरचे कॅमेरे मुलुंडच्या गच्चीवरून हे काम झकास करतात, आणि कूलरच नसल्याने त्यांत बिघडण्यासारखंही कमी असतं. तेजोमेघच हवे असतील तर हायड्रोजन अल्फाचा, ६५६.३ नॅनोमीटरचा नॅरोबँड फिल्टर लावा, तो तेजोमेघातल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा आत सोडतो; नाहीतर वांगणी गाठा.

एसबीआयजी कंपनीच्या एसटी-७ सारखा नव्वदच्या दशकातला सीसीडी (जुन्या प्रकारच्या सेन्सरचा) कॅमेरा स्वस्त दिसला की काहींचा जीव खालीवर होतो. ७६५ बाय ५१० पिक्सेल, आणि सुरुवातीचे कॅमेरे पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टवर, चालणारे. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. संग्रहासाठी असेल तर खुशाल घ्या.

बोली लावणं त्या मानाने सोपं. कमाल रक्कम लिहिली की ईबे तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत नेतं. ती रक्कम एकदाच आणि शेवटच्या मिनिटात टाकावी. अडचण आहे ती वेळेची. कॅलिफोर्नियातली संध्याकाळ म्हणजे आपली कामावर निघायची वेळ, आणि दादरला गाडी बदलता बदलता माणूस ठरवलेल्यापेक्षा बरीच जास्त बोली लावून बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी सवड नसेल तर आदल्या रात्रीच आकडा टाकून झोपा.

तो आकडा ठरवताना टपालखर्च आणि कस्टम्स ड्यूटी आधीच धरा. ड्यूटी नुसत्या बोलीवर नाही, वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. दर बदलत असतात, चालू दर पाहूनच हिशेब मांडा. काही विक्रेते आपणहून विचारतात, ‘गिफ्ट लिहू का, किंमत कमी दाखवू का?’ नको म्हणा. खोटं डिक्लेरेशन पकडलं गेलं तर गोत्यात तुम्ही येणार, आणि वाटेत कॅमेरा फुटला तर भरपाईही त्या लिहिलेल्या किमतीचीच. लिलाव संपल्याचं पान आणि पैसे भरल्याची पावती छापून ठेवा. पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात अडकलं तर तीच दाखवावी लागते.

कूल्ड कॅमेऱ्यासोबत १२ व्होल्टचा ॲडॅप्टर बऱ्याचदा येत नाही. तो लॅमिंग्टन रोडला मिळतो. मधली पिन पॉझिटिव्ह आहे ना, हे दुकानातच मल्टिमीटर लावून बघून घ्या.