एकसारख्या घरांचे गाव

आमच्या रत्नागिरीकडे जांभ्याचे घर गवंड्याच्या सवडीने आणि पावसाळा टाळून उभे राहते. त्यामुळे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ मध्ये सुरू झालेल्या लेव्हिटटाउन या एकसारख्या घरांच्या वसाहतीच्या बांधकामाचा वेग मला थक्क करतो. बटाट्याच्या शेतांवर, तळघराला फाटा देऊन, थेट काँक्रीटच्या लादीवर, कामाचे २५हून अधिक टप्पे पाडून आणि प्रत्येक टोळीला एकच काम नेमून १९५१ पर्यंत १७,०००हून अधिक घरे बांधली गेली. सरकारी हमीच्या कर्जामुळे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना ती परवडली. कृष्णवर्णीयांना मात्र करारातच मज्जाव होता, आणि म्हणून त्या स्वस्ताईचे कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही. (आमच्या वाड्याही जातीनुसारच वसल्या, फक्त लेखी करार नव्हता.) पुढे रहिवाशांनी माळ्यावर खोल्या काढून, भिंती वाढवून एकसारखेपणा बराच मोडला, हे मला विशेष आवडते.