ओस पडलेली माडांची वाडी तपासताना

माहीम-गिरगावच्या माडांच्या वाड्या इमारतींखाली गेल्या. पण गोराई, उत्तन, वसईकडे अजून ओस वाड्या दिसतात. जोतं, विहीर, पाट, गोठ्याची पडकी भिंत एवढंच उरलेलं असतं. अशा जागेचं पुरातत्त्वीय मूल्यमापन करताना पहिली फसगत मातीत होते, कारण वाडीची माती जागची नसते. तळ्यातला गाळ, शेणखत, माडाच्या बुंध्यात घातलेली मासळी, सगळं बाहेरून आलेलं. गाळाबरोबर खापरंही येतात. म्हणून नुसती खापरं आणि माशांचे काटे पाहून ‘इथे घर होतं’ असं म्हणू नये.

दुसरी फसगत लागवडीची. नारळासाठी साधारण 1 मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घेतात आणि दोन माडांत साडेसात मीटरच्या आसपास अंतर ठेवतात. त्या खड्ड्यात वरची माती खाली आणि खालची वर झालेली असते. चाचणी खड्ड्यांचं अंतर माडांच्या ओळींशी जुळलं, तर खोदणारा दर वेळी जुन्या खड्ड्यातच उतरतो आणि इथे थरच नाहीत असं लिहून मोकळा होतो. आधी उभे माड आणि खुंट सगळे नकाशावर घ्या, मग चार माडांच्या मधोमध 1 × 1 मीटरचा खड्डा आखा. 10-10 सेंटीमीटर उतरा. चाळण 5 मिलिमीटरची, चुलीजवळ 2 मिलिमीटरची. चिकण माती कोरडी चाळली जात नाही, ती पाण्यात धुवूनच चाळा. पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, इथल्या दमट हवेत शाई पसरते. आणि हे सगळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना हातात आल्यावरच.

वसाहतीचा खरा पत्ता विहीर देते. रहाटाची, म्हणजे पाणी उपसणाऱ्या चाकाची, गाडगी सतत फुटत, त्यांचे तुकडे काठाशीच पडत. दोर बसायला गळ्याशी आवळलेला लहान मडक्याचा तुकडा मिळाला की रहाट नक्की. तिथून पाट धरून जोत्याकडे जा. काळासाठी कौलं बघा. बाझल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना 1865 चा, त्यामुळे मंगलोरी कौल असलेला थर त्याआधीचा असूच शकत नाही. निळ्या नक्षीच्या चिनी बशीवर मात्र एवढा भरवसा नको, अशी भांडी घरात पिढ्यान्‌पिढ्या जपली जातात.

जतनात सगळ्यात जास्त नुकसान सिमेंटने होतं. चुन्यातल्या जोत्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या की ओल आत अडकते, खार फुटतो आणि दगडाची कड सोलवटते. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू अडीच ते तीन भाग घ्या. काम पाऊस संपल्यावर सुरू करा आणि दरजा ओल्या गोणपाटाखाली ठेवा. माड काढायचाच असेल तर जमिनीलगत कापा, तो पुन्हा फुटत नाही. मुळं उपटली की जोतं हलतं. पिंपळाचं उलट आहे. तो नुसता कापला तर दुप्पट फुटतो, म्हणून आधी मूळ मारावं लागतं आणि वाळलेली मुळं थोडी थोडी कापत दगड परत बसवत जावं लागतं.

विहिरीचं पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी गेलं की तिचा दाब बांधकाम आत ढकलतो. थोडं उपसा, थांबा, चिरे बघा, मग पुढे.

खोदलेले खड्डे उघडे ठेवणं म्हणजे पहिल्या पावसात थर गमावणं. तळाला पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, वर 15 सेंटीमीटर धुतलेली वाळू, मग चाळलेली माती. प्लास्टिक घालू नका, त्याखाली ओल कोंडते.