आंब्याचा चीक आणि करपा

आढीतून काढलेल्या हापूसवर काळे डाग दिसले की दोष बहुधा आढीला किंवा वाहतुकीला दिला जातो. परंतु हे डाग पाडणारा करपा हा बुरशीजन्य रोग त्या फळावर आढीत आलेला नसतो. कोलेटोट्रायकम ही बुरशी मोहोराच्या आणि बारीक कैरीच्या अवस्थेतच, दवाच्या किंवा अवकाळी पावसाच्या ओलाव्यात सालीवर रुजते, वरचा मेणचट थर भेदते आणि फळ पिकायला लागेपर्यंत तिथेच निपचित पडून राहते. ती पुढे का सरकत नाही, हा प्रश्न मला आंब्याच्या साऱ्या शास्त्रात सर्वांत मोलाचा वाटतो.

याचे एक महत्त्वाचे उत्तर सालीत आहे. इस्रायलमधील संशोधकांनी १९८६ मध्ये कच्च्या आंब्याच्या सालीतून रेसॉर्सिनॉल गटातील बुरशीरोधक द्रव्ये वेगळी केली. आंब्यावर काळे डाग पाडणाऱ्या अल्टरनेरिया या दुसऱ्या बुरशीचा ते अभ्यास करत होते, आणि कैरीत ही द्रव्ये भरपूर असताना बुरशी सुप्त राहते, तर फळ पिकताना त्यांचे प्रमाण घटले की तीच बुरशी जागी होते, असे त्यांना आढळले. करप्याच्या बाबतीतही हेच घडताना दिसते. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातील तेलात असणारे कार्डॉल हेही रेसॉर्सिनॉलच. कैरीच्या चिकाने ज्यांचे ओठ उततात, त्यांना त्रास देणाऱ्या द्रव्यांत बुरशीला रोखणारे हेच रेसॉर्सिनॉल असते.

चिकाकडे मात्र आपण केवळ डाग पाडणारी ब्याद म्हणून पाहतो. ताजा चीक काचेच्या नळीत स्थिर ठेवला तर त्याचे दोन थर होतात: वर तेलकट, खाली पाणीदार. रेसॉर्सिनॉल तेलकट थरात असतात, तर पाणीदार थरात कायटिनेज हे विकर असते, जे बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिन तोडते. श्रीलंकेत पेराडेनिया विद्यापीठातील संशोधकांनी काढणीच्या वेळी चीक फळातच राखला, तेव्हा त्या फळांनी काढणीनंतरच्या रोगांचा अधिक चांगला प्रतिकार केला.

फळ देठाच्या सांध्यापाशी मोडले की चिकाची चिळकांडी उडते. सांध्याच्या वर, देठ ठेवून कापले तर चीक फारसा वाहत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला हा आंबे उतरवण्याचा झेला फळ देठासह काढतो, आणि त्याचे महत्त्व केवळ साल स्वच्छ राहण्यापुरते नाही, असे माझे ठाम मत आहे. अनेक ठिकाणी देठ मोडून, फळे उलटी ठेवून चीक निथळू दिला जातो. त्याने सालीवरचे डाग टळतात हे खरे, पण त्यासोबत झाडाने फळाला दिलेले संरक्षणही वाहून जाते. मोहोरावर वेळेवर फवारणी हवीच, कारण सालीत आधीच शिरलेली बुरशी देठ राखल्याने नाहीशी होत नाही, ती फक्त आणखी काही काळ दबून राहते. आणि हापूस दूरच्या बाजारात जाऊन पिकणार असेल, तर तेवढा काळही बागायतदाराला फार मोठा आधार असतो.