लॉस्ट टू फॉलो-अप

मावशी आसनगावहून कसारा लोकलने आल्या होत्या. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घड्या घातलेले जुने कागद. कमरेत कळ, लघवीला जळजळ, मधूनच लाल. वर्षभर धणे-जिऱ्याचं पाणी पिऊन झालं होतं.

एक्स-रेमध्ये उजव्या किडनीत एक खडा दिसला आणि मूत्राशयात लिंबाएवढा दुसरा. दोन्हींना जोडणारी एक बारीक पांढरी रेघ. सर म्हणाले, "स्टेंट आहे हा. कधी घातला होता?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "काय घातलं होतं?"

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या युरोलॉजी विभागात मी रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. त्या पिशवीतलं डिस्चार्ज कार्ड मीच शोधलं. दुसऱ्या एका ठिकाणी चार वर्षांपूर्वी मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. तळाशी इंग्रजीत एक ओळ: डीजे स्टेंट इन सिटू, रिव्ह्यू आफ्टर फोर वीक्स फॉर एसआर. एसआर म्हणजे स्टेंट रिमूव्हल. म्हणजे स्टेंट आत आहे, चार आठवड्यांनी तो काढायला या. मावशी मराठी सातवी शिकलेल्या. दुखणं थांबलं, टाके सुकले, त्या भाताच्या लावणीला गेल्या.

डीजे म्हणजे डबल जे. साधारण पंचवीस सेंटीमीटरची, दोन मिलिमीटर जाडीची मऊ नळी. दोन्ही टोकं इंग्रजी जेसारखी वळलेली, म्हणून वर किडनीत आणि खाली मूत्राशयात अडकून राहते. 1978 मध्ये फिनी या अमेरिकन सर्जनने ती मांडली. ऑपरेशननंतर मूत्रनलिकेला सूज आली तरी लघवी वाहती राहते, खूप उपयोगाची वस्तू आहे. पण ती काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत काढायची असते. नाहीतर बोअरिंगच्या पाण्याने तोटीला क्षार धरतो तसे लघवीतले क्षार तिच्यावर बसत जातात.

असा स्टेंट ओढून काढता येत नाही, मूत्रनलिकाच तुटायची भीती. सरांनी आधी खालून दुर्बीण घालून मूत्राशयातला खडा लेझरने फोडला. मग पाठीतून छोटं छिद्र करून किडनीतला. या वाटेने खडा काढल्याचं 1976 मध्ये स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पहिल्यांदा प्रसिद्ध केलं होतं. स्टेंट दोन तुकड्यांत निघाला. नंतर मी ते बरणीत पाहिले: मधला भाग निळसर, जवळजवळ नव्यासारखा, टोकांना पिवळट खडबडीत पुटं. इतक्या वर्षांत प्लास्टिक ठिसूळ झालं होतं. किडनी वाचली.

केस रिपोर्ट, म्हणजे या एका रुग्णाची हकीगत डॉक्टरांसाठी, लिहायचं ठरलं. मी मराठीत संमतीपत्र केलं, मावशींना वाचून दाखवलं, एक्स-रेवरचं नाव आणि तारीख काढली. सरांच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: पेशंट वॉज लॉस्ट टू फॉलो-अप. म्हणजे रुग्ण पुढच्या तपासणीला आलाच नाही, 'हरवला'. आमच्या क्षेत्रात हे इतकं सवयीचं आहे की कुणाला खटकत नाही. मला खटकलं. मावशी हरवल्या नव्हत्या. त्याच घरात होत्या, कार्डावरचा मोबाइल नंबरही तोच होता. चार वर्षांत त्यावर एक फोन आला नव्हता.

केस रिपोर्ट कसा लिहावा याच्या 2013 च्या 'केअर' (CARE) नावाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रुग्णाचं स्वतःचं म्हणणं लिहायला जागा आहे. बहुतेक जण ती रिकामी सोडतात. मी मावशींना विचारलं, काय लिहू? त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिही, पोटात काही ठेवलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." ते वाक्य तसंच गेलं, सरांनी 'लॉस्ट' खोडलं आणि 'वॉज नॉट इन्फॉर्म्ड, अकॉर्डिंग टू द पेशंट' लिहिलं.

आता आमच्याकडे स्टेंट घातला की वहीत नोंद होते: नाव, दोन फोन नंबर, काढायची तारीख. दर शनिवारी मी आणि ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर फोन करतो. रुग्णाच्या हातात मराठी चिठ्ठी जाते: 'तुमच्या पोटात नळी आहे. ती या तारखेला काढायची आहे.'

महिन्याने मावशी तपासणीला आल्या. मी नवा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. त्यांनी चष्मा लावून, जवळ येऊन, रेघ होती तिथे बोट ठेवलं. "आता खरंच काही नाही ना गं आत?"

"काही नाही, मावशी."

तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या.