मामांची फळी

स्मरणिकेत शिक्षकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. शाळेच्या फाटकासमोरच्या सलूनवाल्या मामांवर लिहायचं काम आम्हा दोघा-तिघांकडे आलं, कारण शाळा सुटल्यावर कात्री धरायला आम्ही त्यांच्याच दुकानात शिकलो.

वाईतल्या निम्म्या पोरांचं जावळ त्यांच्या हातचं. बाळाला मांडीवर घेऊन सख्खा मामा बसे, पण पुढे दहावीपर्यंत ‘मामा’ ही हाक यांनाच. जावळाची त्यांची रीत ठरलेली होती. बाळ दूध पिऊन पेंगुळलं की सुरुवात करायची आणि कोमट पाण्याने केस चांगले भिजवून घ्यायचे. टाळूवर वस्तरा नाही, तिथे फक्त कात्री. टाळू भरायला दीड वर्षही लागतं, तोवर तिथे हाताचा भार पडता कामा नये. बाळ रडून लाल झालं तर अर्धं जावळ तसंच ठेवून ते खुशाल चहा घेत. घरची मंडळी मुहूर्ताची घाई करत. मामा करत नसत.

शाळेच्या कटिंगला बसायला खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी असे. पोरांना भीती कात्रीची नसायची, हातमशीनची. ‘मशीन ओढतं’ ही तक्रार सगळ्याच दुकानांत होती, आणि त्याला दोनच कारणं. मूठ पूर्ण दाबून सोडण्याआधी मशीन पुढे सरकवलं किंवा उचललं, की दात्यांत धरलेला केस कापला जाण्याऐवजी उपटला जातो. दुसरं कारण वरच्या नटाचं. तो ढिला असला की दोन पात्यांमध्ये फट पडते आणि केस त्यात दुमडून अडकतो. फार आवळला तर मूठच चालत नाही. मामा दर चार-पाच डोक्यांनंतर ब्रशने दाते झाडत, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडत आणि आधी स्वतःच्या पोटरीवर चालवून बघत. भोवऱ्यापाशी केस बोटभर लांब ठेवायचे, नाहीतर ते उभे राहतात. दोन भोवरे निघाले की ‘दोन लग्नं रे तुझी’ हे ठरलेलं.

वस्तऱ्याला धार लावताना पथरीवर धारेची बाजू पुढे आणि चामोट्यावर, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे. शिकाऊ पोरगा इथेच चुकतो. चामोट्यावर धार पुढे गेली तर चामडंही फाटतं आणि धारही वळते. पुढे एड्सची भीती पसरली तेव्हा त्यांनी तो जुना वस्तरा धोकटीत, हत्यारांच्या पिशवीत, गुंडाळून ठेवला आणि ब्लेडचा आणला. ब्लेड कागदातच लांबीने मोडायचं, अर्धं एका गिऱ्हाइकाला, आणि वापरलेलं झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात. कचऱ्यात कधीच नाही, कारण कचरा हाताने उचलला जातो. खाटेवरच्या म्हाताऱ्यांची दाढी ते घरी जाऊन करत. दात गेलेले गाल आत ओढलेले असतात, म्हणून जिभेने गाल फुगवायला सांगायचं. ज्याला ते जमत नाही त्याची कातडी कानाकडे ताणून धरायची, वस्तरा साधारण तीस अंशांवर आणि हात हलका. मान मोडून मागणाऱ्याला मात्र सरळ नकार. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर माणूस लुळा पडतो.

पोराच्या डोक्यात गोल चट्टा दिसला तर मोठ्याने बोलायचं नाही, हा दुकानाचा नियम. गुळगुळीत, चकचकीत चट्टा म्हणजे चाई. ती लागत नाही, तेव्हा कटिंग नेहमीसारखी. खवले निघत असतील आणि केस मुळाशी तुटलेले असतील तर गजकर्ण. ते लागतं. मग कंगवा-मशीन वेगळं आणि संध्याकाळी वडिलांना गाठून सांगणं, की मलम चोळत बसू नका, औषध केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही, डॉक्टरकडून पोटात घ्यायच्या गोळ्या आणा.

घरी तीन मुली, तिघी आपल्याच शाळेच्या. मामी पहाटेच हळदीच्या रानात कामाला जात, त्यामुळे सहा वेण्या आणि सहा लाल रिबिनी मामांच्या वाट्याला. गुंता टोकाकडून वर सोडवायचा, मुळापासून खाली ओढला तर गाठ घट्ट होते. शाळेत उवांची साथ आली की ओल्या केसांत फणी फिरवून पांढऱ्या फडक्यावर पुसायची आणि दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे तरी, पुन्हा. लिखा फुटायला आठवडा ते दहा दिवस लागतात, एकदा फणी फिरवून थांबणारं घर पुन्हा खाजवत बसतं. रविवारी दुकान भरलेलं, सोमवारी बंद, आणि श्रावण वद्य द्वादशीला नाभिक समाजाचे संत सेना महाराज यांची पुण्यतिथी म्हणून बंद. त्या दिवशी मात्र वेण्या मामी घालत.

हात थरथरू लागला तेव्हा कुणी सांगायच्या आत त्यांनी वस्तरा खाली ठेवला. वर्षभर कात्री-मशीन चालवलं, मग तेही थांबवलं. ब्रशने फेस मात्र शेवटपर्यंत तेच करत, थरथर त्यात खपून जायची.

फळी सागाची आहे. दोन्ही टोकांना खालून पट्ट्या ठोकल्यात, खुर्चीच्या हातांच्या बाहेरून अडकतील अशा. पोरगं एका बाजूला कललं तरी ती सरकत नाही. धाकटी मुलगी आता दुकानाशेजारीच राहते. कुणाला तशी करून घ्यायची असेल तर माप घेऊन जा, असं तिने सांगितलंय.